नाव यादीत होतं, पण नाल्यापलीकडच्या

महापालिकेला मतदान कमी झालं की "लोकांना सुट्टी हवी असते, मतदान नको असतं" हे ऐकायला मिळतंच. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत मुंबईत ५३ टक्क्यांच्या आसपास झालं, आमच्या पुण्यातही निम्म्याच्या थोडं वर. १६ जानेवारीला निकाल बघताना घरात कुणीतरी तेच बोललं आणि मी चिडले. माझ्या सासऱ्यांचं मत आपल्याच प्रभागात राहावं म्हणून मी नोव्हेंबरात क्षेत्रीय कार्यालयाच्या पाच चकरा मारल्या होत्या. तो राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव ३० जून २०२१ ला महापालिकेत घेतलेल्या २३ गावांपैकी. ग्रामपंचायत गेली, पण नगरसेवक काही मिळाला नाही. २०१७ साली निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि सगळ्या शहरावरच प्रशासक आला. टँकर आला नाही, ड्रेनेज तुंबलं, तर कुणाच्या दारात जायचं, हे साडेचार वर्षं आम्हाला माहीत नव्हतं. त्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची (नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली. तेव्हापासून घरात पाणी उकळून पितो. त्यामुळे सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२६ पर्यंत निवडणुका घ्या असं सांगितल्यावर बाबांनी (माझे सासरे, वय ७८) ओळखपत्र शोधून शर्टाच्या खिशात ठेवून दिलं.

पत्ता बदलाचा फॉर्म ८ आम्ही २०२४ मध्येच भरला होता. ते काम ऑनलाइन झालं, बीएलओ (मतदारयादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकारी) बाई घरी येऊन पाहून गेल्या, नावं इकडे आली. त्याबद्दल काही तक्रार नाही.

२० नोव्हेंबरला प्रभागनिहाय प्रारूप यादी आली. माझं आणि नवऱ्याचं नाव आमच्या प्रभागात होतं. आई-बाबांचं नव्हतं. दोन रात्री पीडीएफ चाळली. अक्षरं इतकी बारीक की एकेक पान मोठं करून वाचावं लागे. शेवटी शेजारच्या प्रभागाच्या यादीत दोघं सापडली, आणि त्यांच्या वर-खाली आमच्या बी विंगमधली आणखी बरीच माणसं. एकच गेट, एकच पाण्याची टाकी, आणि अर्धी सोसायटी नाल्यापलीकडच्या प्रभागात.

हे कसं होतं ते मला नंतर कळलं. महापालिकेसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागाच्या हद्दीप्रमाणे तिचे तुकडे पाडतात. कागदावर पत्ता बघून कुणीतरी ठरवतं, ही इमारत इकडे, ती तिकडे. आमची बी विंग तिकडे गेली.

पहिल्या दिवशी कार्यालयात गेले, तर हरकती घेणारे साहेब बाहेर. दुसऱ्या दिवशी भेटले. म्हणाले, ज्याचं नाव आहे त्याने स्वतः यायचं. बाबांना दोन जिने चढवून तिसऱ्या दिवशी नेलं. त्या दिवशी दुसरेच गृहस्थ बसले होते. त्यांनी समोरचा गठ्ठा उलटापालटा केला आणि म्हणाले, "ताई, नाव यादीत आहे ना? मग तिकडे जाऊन करा की मतदान."

बाबा बाकावरून उठले. शाळेत शिकवायचे त्या आवाजात म्हणाले, "साहेब, तिकडचा नगरसेवक माझ्या घराचं ड्रेनेज बघणार आहे का?"

खोलीतली माणसं गप्प झाली. त्या गृहस्थांनी अर्ज घेतला, पण पोहोच द्यायला तयार नाहीत. "होऊन जाईल, काळजी करू नका." मी खिडकी सोडली नाही. मागे रांग होती, लोक कुरकुरत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी सोडली नाही. वीस मिनिटांनी माझ्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख पडली. तुम्हाला या सगळ्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: शिक्क्याच्या पोहोचेशिवाय घरी यायचं नाही. पाचव्या चकरेला "असा अर्जच आलेला नाही" असं मला ऐकवलं गेलं, तेव्हा तो कागदच कामाला आला.

चौथ्या चकरेला मी एकटीचं काम घेऊन गेलेच नाही. बी विंगमध्ये दारोदार फिरून ३४ जणांचे अर्ज, आधार आणि वीजबिलाच्या प्रती गोळा केल्या. सोबत सोसायटीच्या लेटरहेडवर दोन्ही विंग दाखवणारा हाताने काढलेला नकाशा लावला. हरकतींची मुदत आधी २७ नोव्हेंबर होती, ती ३ डिसेंबरपर्यंत वाढली म्हणून हे जमलं. मग एक कर्मचारी जागेवर आला, गेटपासून टाकीपर्यंत चालला आणि त्याने मान हलवली. भला माणूस होता, त्याने मोबाईलवर फोटोही काढले. अंतिम यादीत आई-बाबांसकट ३१ जण आमच्या प्रभागात आले होते. मी ती पानं छापून लिफ्टशेजारी लावली.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं: भारत निवडणूक आयोगाच्या व्होटर हेल्पलाइन ॲपवर दिसत होतं ते केंद्र विधानसभेचं. महापालिकेचं केंद्र राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. दोन्ही आयोग वेगळे आहेत. आमच्याकडचे दोघं जण मतदानादिवशी सकाळी ॲप बघून भलत्याच शाळेत जाऊन आले.

१५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, साडेसातलाच आम्ही केंद्रावर. बाबांना मी आदल्या रात्रीच समजावलं होतं की चार जागांची चार मतं द्यायची, अ ते ड, प्रत्येक जागेचा रंग वेगळा, आणि चारही बटणं दाबून झाल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. घरातल्या वयस्कर माणसांना हे नक्की सांगा. आमच्या पुढचे एक आजोबा पहिलं बटण दाबून बाहेर यायला निघाले होते. बाबा बाहेर आले ते बोट पुढे करूनच. नाल्यावरच्या पुलाशी थांबून त्यांनी मला फोटो काढायला लावला. मला फार बरं वाटलं.

बी विंगमधल्या एका काकूंचं मात्र जमलं नाही. त्या इथे २०२५ मध्येच राहायला आल्या. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर पत्ता बदलला असेल तर मत जुन्या जागी, आणि त्यासाठी हरकतही घेता येत नाही. ते कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचं नाव कोथरूडला निघालं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, त्या गेल्या नाहीत. दुपारी त्यांनी मला फोन दाखवला. फॉर्म ८ मंजूर झाल्याचा मेसेज त्यांनी जपून ठेवला होता. त्यावर तारीख होती ११ ऑगस्ट.