जॉनीचं गाव

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे शहराहून उत्तरेला निघालं की अर्ध्या तासात ॲब्रम्स लागतं. लक्ष नसेल तर निघूनही जातं. आमचा फोरमन मात्र दरवेळी बोट दाखवतो, "जॉनीचं गाव!" जॉनी म्हणजे जॉनी ग्रीव्ह्ज, ऑफ-रोड, म्हणजे मातीतल्या खडबडीत वाटेवरच्या ट्रक शर्यतींचा कितीतरी वेळचा चॅम्पियन. फोरमन त्याच्याबद्दल असं बोलतो, जणू दोघांच्या शेताचा बांध एकच.

लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या इथल्या कामगार दिनाच्या सुट्टीत फोरमनने मला क्रॅन्डन गावी नेलंच. लोकवस्ती दोन हजारही नाही, पण 1970 पासून इथे शर्यती होतात आणि त्या दिवसांत गावाची जत्रा होते. ट्रक म्हणजे आपला मालट्रक नव्हे, पिकअप. आणि तीही दिसण्यापुरती. वर फायबरग्लासचं कवच, आत पाइपांचा सांगाडा. चारही चाकं ओढणाऱ्या प्रो-4 गटात इंजिन 900 अश्वशक्तीच्या आसपास.

मंचरकडे आमच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, निकाल सेकंदांवर. इथे सगळे ट्रक मैदानात एका ओळीत उभे आणि इशारा मिळाला की सगळेच एका वळणाकडे. याला 'लँड रश' म्हणतात. वळण सगळ्यांना पुरत नाही, हे सांगायला नकोच. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं असतं, त्यामुळे मागच्याच्या तोंडावर थेट चिखल. हेल्मेटच्या काचेवर पारदर्शक फिल्मचे थर असतात; एक माखला की ओढून फेकायचा. मागे पडलेल्याचे थर भराभर संपतात. एक ढेकूळ उडून माझ्या कागदी प्लेटमध्येही पडलं. बटाट्याचं सॅलड गेलं.

सात वेळा नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतली मोटार शर्यतींची मोठी स्पर्धा जिंकणारा जिमी जॉन्सनही नव्वदच्या दशकात असेच ट्रक चालवायचा. तो डांबरावर गेला, देशभर गाजला. जॉनी मातीतच राहिला, म्हणून तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नाही. मला तरी मातीवाल्याचंच जास्त कौतुक वाटतं.

जॉनीचा मुलगा सी. जे. प्रो-4 मध्येच उतरला, तोही चॅम्पियन झाला. बापलेक एकाच शर्यतीत एकमेकांविरुद्धही धावलेत. मी फोरमनला विचारलं, "पहिल्या वळणावर बाप पोराला वाट देत असेल का हो?"

त्याने आधी तोंडातला सॉसेजचा घास संपवला.

"जॉनी? छे!"