आईची आगबोट शोधत भाऊच्या धक्क्यावर

आईने पिशवीत आवळासुपारी टाकली. "बोट लागली तर?" पंच्याहत्तरी ओलांडली तरी ती भीती गेलेली नाही. रत्नागिरीहून मुंबईला ती 'कोकण सेवक'ने जायची. बोट धक्क्याला लागतच नसे, खोल पाण्यात उभी राही. पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिथवर जायचं आणि लाट पडावाला वर उचलेल त्या क्षणी खलाशी हाताला धरून आत ओढणार. प्रवासातलं बाकी काही आईला नीट आठवत नाही, तो हात आठवतो.

पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन धरा. सीएसएमटीला उतरून हार्बरची लोकल, डॉकयार्ड रोड, पुढे भाऊच्या धक्क्यापर्यंत टॅक्सी. चालण्याचा हट्ट नको. ट्रक आणि मासळीचं पाणी यांतून वाट काढावी लागते. चपला घसरतात, बूट घाला.

आगबोटींच्या खुणा शोधायला गेलात तर निराश व्हाल. शेजारची प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदी भर घालून बुजवली. १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तो याच व्हिक्टोरिया गोदीत. गोदीच्या फाटकातून आत सोडत नाहीत, वाद घालू नका. भाऊ अजिंक्यांनी १८४१ साली बांधलेला मूळ धक्काही आजच्या जागी नव्हता.

म्हणून सरळ मोऱ्याच्या, म्हणजे उरणच्या बंदराच्या, लाँचमध्ये बसा. पाण्यावर गेल्याशिवाय इथलं काही कळत नाही. अलिबागकडच्या रेवस बंदराच्या दिशेने हात करून आई म्हणाली, "रामदास बोट तिकडेच गेली ना?" हो. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळा. याच धक्क्यावरून सुटलेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेंहून अधिक माणसं गेली. शेजारी बसलेल्या उरणच्या मावशी टोपली सांभाळत ऐकत होत्या. "आमच्याकडे अजून काढतात ती गोष्ट," एवढंच बोलल्या.

भरती-ओहोटी आधी विचारून घ्या. मोऱ्याला गाळ फार, ओहोटीला लाँच अडकतात. पाणी उतरलं की धक्क्याच्या पायऱ्या आणि लाँच यांत चांगलंच अंतर पडतं. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर भरतीचीच वेळ गाठा. आईला मात्र खलाशाने दंडाला धरून अलगद आत घेतलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

परत मुंबईला येऊ नका. मोऱ्याहून रिक्षाने उरण, तिथून जानेवारी २०२४ पासून लोकल आहे. बेलापूरला बदलून पनवेल, पुढे पुण्याची एसटी. रविवारी संध्याकाळी जागा मिळणं कठीण, आम्ही तासभर ताटकळलो. आवळासुपारी तिथेच संपली.