रूट साहेब, नमस्कार

आज दुपारपासून काहीतरी टोचतंय. काम तसं किरकोळ होतं. ग्रंथालयाच्या सर्व्हरवरून मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी घेऊन रात्री आपोआप जाणाऱ्या मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता नीट लावायचा, एवढंच. ग्रंथालयाच्या बाईंच्या जीमेलवर ते मेल पोचेनासे झालेत. पोचतील तरी कसे? पाठवणारा 'रूट', म्हणजे सर्व्हरचं मुख्य खातं, आणि पुढे त्या मशीनचं नाव, जे कॉलेजच्या जाळ्याबाहेर कुठल्याच डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नावपत्त्यांच्या वहीला, ठाऊक नाही. 2024च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने नियम आवळलेत, एसपीएफ (या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायचा त्याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांतलं निदान एक तरी हवंच.

पत्ता बदलण्याआधी रूटला येणारे मेल कुठे जातात ते बघावं म्हणून एलियासेसची फाइल उघडली, कुणाचा मेल कुणाकडे वळवायचा ते त्यात असतं. रूटच्या नावापुढे अजून आधी सर्व्हर बघणाऱ्या सरांचंच खातं. सर गेले त्याला... असो. त्या मेलबॉक्समध्ये उत्तरं होती. रोजच्या यादीला रोज एक, सगळी आवक-जावक बघणाऱ्या काकांची.

"रूट साहेब, नमस्कार. मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी मिळाली. आपला नम्र." बहुतेक एवढंच. कधी एखादी ओळ जास्त, "रविवार असूनही यादी पाठवलीत, आभारी आहे." आणि एक मेल असा, "आज यादी आली नाही. प्रकृती बरी आहे ना?"

ती तारीख मला आठवते. रात्री लॉगने, सर्व्हरच्या नोंदींनी, डिस्क गच्च भरली होती, यादी पाठवणारी स्क्रिप्ट अर्ध्यात मेली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी येऊन जागा मोकळी करत बसले होते ती मी. त्या सकाळी मला कुणी काही विचारलं नाही. बातमी लागली असेल तर एवढीच, की सर्व्हर बंद होता. आणि इकडे कोणीतरी विचारत होतं, प्रकृती बरी आहे ना. विचारत होतं रूटला.

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. यादी काढणारी क्वेरी माझी, ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमधली वेळ मी लावलेली, आणि नमस्कार घेणारा रूट. या कामात नाव कुठे लागतच नाही. आईला फोनवर सांगायला गेले, तर ती म्हणाली जेवलीस का. तिला काय सांगणार.

मग कामाला लागले. पोस्टफिक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जेनेरिक मॅप आहे. मेल एसएमटीपीने (मेल पोचवण्याच्या पद्धतीने) बाहेर पडताना जुना पत्ता काढून नवा घालतो, पाकिटावरही आणि आतल्या फ्रॉमच्या ओळीतही. हे दोन पत्ते वेगळे असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1982मध्ये आरएफसी, म्हणजे मेलच्या नियमांचे दस्तऐवज, निघाले तेच मुळी दोन, 821 पाकिटाचा आणि 822 आतल्या मजकुराचा. न पोचलेला मेल पाकिटावरच्या पत्त्याकडे परततो, एसपीएफही तोच तपासतं. माणूस वाचतो आणि उत्तर देतो तो आतला. डीएमएआरसी हा तिसरा नियम म्हणतो, आतल्या पत्त्याचं डोमेन पाकिटाशी नाहीतर डीकेआयएमच्या सहीशी जुळू दे. मला ते रास्त वाटतं. जो पाठवतो म्हणतोस, तोच तू आहेस हे दाखव.

नावही बदलायचं होतं. ते पासवर्ड फाइलच्या, म्हणजे खात्यांच्या यादीच्या, जीकॉस रकान्यातून येतं. बेल लॅब्समध्ये युनिक्सवरून जीकॉस नावाची वेगळी प्रणाली चालवणाऱ्या यंत्रांकडे छपाई पाठवत, त्यासाठीचा हा रकाना. छपाई गेली, रकाना राहिला. सीएचएफएन या आज्ञेने बदलता येतो. मला 'ग्रंथालय' देवनागरीत हवं होतं, पण हेडरमध्ये, मेलच्या वरच्या ओळींत, देवनागरी एन्कोड करून द्यावी लागते आणि इथलं जुनं, 3.10च्या आधीचं पोस्टफिक्स ते आपणहून करत नाही. रोमन अक्षरांत लिहिलं. हेही मनाला लागलं, पण ते पुन्हा कधीतरी.

काकांचं मात्र डोक्यातून जाईना. एवढे दिवस रोज लिहिलं, एकदाही उत्तर नाही, तरी लिहिलं. संध्याकाळी त्यांच्या टेबलावरून गेले तेव्हा आवक-जावक रजिस्टर उघडं होतं, आणि तिथे जरा उलगडलं. त्यांच्या आयुष्यात कागद आला की पोच द्यायची, मग पलीकडचा बोलो न बोलो. कागद आला म्हणजे तो कुणीतरी पाठवला. चूक कुठे आहे यात? पाठवलाच होता की कुणीतरी. त्यांना नाव माहीत नव्हतं, म्हणून जे दिसलं त्याला साहेब म्हटलं. तो नमस्कार पत्ता चुकून का होईना, माझ्यापर्यंत आला. उशिरा आला, चालेल.

कार्यालयातून सांगून आलं होतं, पत्ता 'नो-रिप्लाय' ठेवा, सगळे तसंच करतात. ठेवणार नाही. रोज पोच देणाऱ्या माणसाला उत्तर देऊ नका असं मी रोज रात्री कळवू? नवा पत्ता ग्रंथालयाचा केला. त्यावरची उत्तरं बाईंना आणि मला येतील. एलियासमध्ये रूटपुढे माझं खातं घातलं, सरांचा मेलबॉक्स तसाच ठेवला.

काकांना उद्या प्रत्यक्षच सांगेन, की यादी आता दुसऱ्या नावाने येईल आणि पाठवणारी मी. प्रकृतीचंही सांगेन, जमलं तर.

चाचणीचा मेल बाईंच्या इनबॉक्समध्ये पोचला, स्पॅममध्ये नाही. एसपीएफ पास, डीएमएआरसी पास. डीकेआयएमची की डीएनएसमध्ये टाकायची राहिलीय, ती सोमवारी.