केराचा आठवडा

लातूरहून निघताना बॅगेत येसर, काळा मसाला आणि दोन किलो शेंगदाण्याची चटणी भरली होती. शिवाय सुनेनं फोनवर तीनदा "आई, नका आणू" म्हणून सांगितलेला प्लास्टिकचा मगही होता. मग कामाला आला, पण मी ज्या कामासाठी नेला होता त्या कामाला नाही. ते पुढे सांगते.

हे आले नाहीत. व्हिसा दोघांचाही मिळाला होता, नव्वद दिवसांचा. पण दोघंही गेलो तर नळ आल्यावर पाणी कोण भरणार? लातूरबाहेरच्या माणसाला हा विनोद वाटेल. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी दहा दिवसांनी, आणि येण्याची वेळ त्याची तोच ठरवतो. तर हे पाण्यासाठी थांबले आणि मी एकटी जर्मनीत स्टुटगार्टला पोराकडे आले.

पहिल्या रात्री झोप येईना. सगळे म्हणाले, वेळेच्या फरकामुळे. पण फरक साडेतीन तासांचाच, त्यानं काय होतंय! मला कारण माहीत होतं. स्वयंपाकघरात भरून ठेवलेलं एकही भांडं नव्हतं. पिंप नाही, हंडा नाही, ओट्यावर साधी कळशी नाही. उठले, दोन पातेली, कुकर आणि नातीची बाटली भरली, वर ताटल्या झाकल्या आणि मग आडवी झाले. सकाळी पोरानं कुकरचं झाकण उघडलं.

"आई, हे काय?"

"पाणी."

"कशाला?"

आता काय सांगणार. २०१६ साली तो पुण्यात शिकायला होता. त्याला तो उन्हाळा बातम्यांतूनच माहीत. मार्चमध्ये कलेक्टरांनी पाणी भरायच्या ठिकाणांजवळ १४४ कलम लावलं होतं, भांडणं होऊ नयेत म्हणून. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. गावभर कौतुक चाललं होतं आणि मला मात्र कसंतरीच झालं होतं. साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी रेल्वेनं येतंय म्हणजे आपल्या गावाचं काय झालंय, असं वाटत होतं. त्या दिवसांत माझ्या शाळेच्या पिशवीत डबा एक आणि रिकाम्या बाटल्या चार असायच्या. एका सहकारी बाईंच्या बोअरला अजून पाणी होतं, त्या रोज भरून द्यायच्या. घरी भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासला. थेंब वाया गेला की हे माझ्याकडे बघायचे आणि मी ह्यांच्याकडे.

पोराला एवढंच म्हणाले, "असू दे, सवय आहे."

इथली बाकीची सवय लवकर झाली. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तर दिवेलागणीला शुभंकरोती कधी म्हणायची हा प्रश्न होता. नातीनंच सोडवला, तिच्या झोपायच्या वेळी. काचेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, पण पोटात गेल्यावर सगळ्या भाकरी सारख्याच. रविवारी दुकानं बंद, मोठा आवाज करायचा नाही, म्हणून खलबत्ता शनिवारीच उरकायचा. न्हाणीत मोरी मात्र नाही. काचेच्या पेटीत उभं राहायचं आणि पाणी त्या पेटीतच राहिलं पाहिजे. बादलीतून अंघोळ करायचा एकदा प्रयत्न केला, पाणी पार बोळात गेलं. सुनेनं काही न बोलता पुसून घेतलं. तो प्लास्टिकचा मग कपाटावर गेला.

एका सोमवारी दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकलेली दिसली. सून म्हणाली, "या आठवड्यात केरवोखे आपल्याकडे." मला वाटलं ती मराठीच बोलतेय. केर कळला, वोखे कळेना. वोखे म्हणजे आठवडा. जिना झाडायची-पुसायची पाळी घराघरांतून फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. पोरानं सांगितलं की या गावाला ही खोड फार जुनी आहे, १७१४ साली इथल्या ड्यूकनं गल्ल्या झाडायचा हुकूमच काढला होता. जर्मनमध्येही झाडण्याला केरच्याच आवाजाचा शब्द आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. दोन महिन्यांत मला अचूक उच्चारता आलेला तो एकमेव जर्मन शब्द.

शनिवारी सून नातीला घेऊन बाजारात गेली होती. म्हटलं, हे काम आपलं. आयुष्यभर अंगण झाडलंय, सडा टाकलाय. आणि इथे तर पाणी वाटेल तेवढं! मी बादली भरली, कपाटावरचा मग काढला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून सपासप पाणी मारलं. खरं सांगते, त्या पाच मिनिटांत जो आनंद झाला तो विमानातही झाला नव्हता. न मोजता पाणी ओतायचं, तेही नुसतं धुवायला. दुसरी बादली आणली.

जिना लाकडी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लाकडी जिन्याला फटी असतात हे लक्षात आलं नाही.

खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. सत्तरीच्या आजी बाहेर आल्या, पायपुसणं उचललं, त्यातून पाणी गळत होतं. त्यांनी वर पाहिलं, मी खाली पाहिलं, हातात मग. त्या काही ओरडल्या नाहीत. आत गेल्या आणि अर्धी बादली पाणी व एक फडकं घेऊन आल्या. फडकं बुडवलं, पिळलं, इतकं पिळलं की थेंब पडेना, आणि एक पायरी पुसली. मग माझ्या हातात दिलं. पोतेरं पिळून जिना पुसायला मला शिकवत होत्या! मला, लातूरच्या बाईला! तीन मजले त्या अर्ध्या बादलीत झाले आणि तळाशी थोडं उरलंसुद्धा. उरलेलं त्यांनी मागच्या दारच्या झाडाला घातलं.

संध्याकाळी पोराला सांगताना मी हसत होते, पण आतून ओशाळलेच होते. इतक्या वर्षांचा वनवास आणि नळ मोकळा मिळाल्यावर दोन बादल्यांत सगळं विसरले. पोरगा म्हणाला, "आई, इथंही पाणी फुकट नाही." त्याच्या घरचं पाणी बोडनझे नावाच्या सरोवरातून येतं, शंभर किलोमीटरहून लांबून, मोठमोठ्या नळांतून, १९५८ पासून. नेकार नदी गावातूनच वाहते, तरी. छपरावरचं पावसाचं पाणी गटारीत सोडलं तर त्याचेही पैसे भरावे लागतात. मग मला खालच्या आजींच्या मागच्या दारचं हिरवं पिंप कळलं. पन्हाळीचं पाणी त्यात पडतं. मला वाटलं होतं, या घरात पाणी भरून ठेवणारी मी एकटीच.

तेव्हापासून तांदूळ धुतलेलं पाणी मी खाली नेऊन त्यांच्या कुंड्यांना घालते. आधी त्यांनी पांढरं पाणी बघून भुवया उंचावल्या. मी खुणेनं भात खाऊन दाखवला. आता त्या नुसती मान हलवतात. भाषेचं म्हणाल तर एवढंच आमचं बोलणं, आणि केरवोखे.

परवा रात्री एक वाजता फोन वाजला. धस्स झालं.

"अगं, नळ आलाय," हे म्हणाले. तिकडे पहाटेचे साडेचार. "मोटार लावली, पण पाणी वर चढेना."

"खालचा कॉक आधी बंद केलात का? डावीकडचा. लाल चिंधी बांधलेला."

"चिंधी कुठंय? दोन्ही सारखेच दिसायलेत."

"अहो, कळशीच्या मागचा!"

अंधारात बसून मी जवळजवळ सात हजार किलोमीटरवरची मोटार लावत होते. थोड्या वेळानं फोनमधून टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला नाही, ह्यांनीही ठेवला नाही. हौद भरला, पिंपं भरली, वरची टाकी वाहू लागली.

"बंद करा आता," मी म्हणाले. "वाया चाललंय."