वर अडकलेला आरसा: एका के-१००० च्या दुरुस्तीची नोंद

१४ जून

मामांनी १९८० च्या दशकात मस्कतहून आणलेला पेंटॅक्स के-१००० हा फिल्म कॅमेरा अलिबागच्या घरातील लोखंडी कपाटातून अखेर माझ्या टेबलावर आला. इतके पावसाळे चामडी केसमध्येच काढल्यामुळे केसला बुरशी लागलेली होती. कॅमेरा मात्र कोरड्या फडक्याने पुसताच बरा दिसू लागला. फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढून बटण दाबले, तेव्हा लेन्समधले दृश्य व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा आतला आरसा वर गेला आणि तिथेच राहिला. व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट झाला आणि लिव्हरही पुढे सरकेना. अशा वेळी लिव्हरवर जोर लावला की आतला एखादा दात किंवा स्प्रिंग हकनाक बळी जातो, म्हणून हात आवरला.

बॅटरीचा प्रश्न इथे उद्भवत नाही. १९७६ साली आलेल्या कॅनन एई-१ या कॅमेऱ्याचे शटर ६ व्होल्टच्या बॅटरीवाचून चालतच नाही, त्यामुळे तो अडला की आधी बॅटरी बदलून पाहावी. त्याच वर्षी आलेल्या के-१००० मध्ये मात्र बटणाएवढा सेल केवळ लाइट मीटरचा काटा हलवण्यापुरता असतो, बाकी सर्व काम स्प्रिंगांचे आणि दंतचक्रांचे आहे.

लेन्स काढून आरशाची कड लाकडी टूथपिकने किंचित खाली ढकलली, तेव्हा तो ‘चट्ट’ असा चिकट आवाज करीत सुटला. आरशाला धक्का बसू नये म्हणून वर लावलेल्या फोमच्या पट्टीचे डांबर झाले होते आणि त्याचा एक काळा धागा आरशाच्या कडेपासून वरपर्यंत ताणला गेला होता. पॉलियुरेथेनचा हा फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो, त्यामुळे चाळिशीच्या आसपासच्या बहुतेक जपानी एसएलआरमध्ये, म्हणजे अशाच आरशाच्या कॅमेऱ्यांमध्ये, तो असाच सापडतो. दोष वयाचा आणि आपल्या हवेचा. निदान झाले असे समजून मी निवांत झोपलो.

१५ जून

फोम काढताना आरशाच्या वरच्या फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे दृश्य उमटते त्या प्लॅस्टिकच्या पडद्यावर, कागदाचा तुकडा बसवला, कारण त्या प्लॅस्टिकवर अल्कोहोलचा थेंब पडला तर डाग कायमचा राहतो. टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आणि टिपकागदावर जवळजवळ कोरडा करून खरवडत गेलो. आरशाचा पृष्ठभाग पुसला नाही. आपल्या घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, कॅमेऱ्याच्या आरशाचा पुढे, आणि तो पुसताना हमखास ओरखडे उठतात. थोडी धूळ राहिली तरी ती फोटोत येत नाही. जुन्या पट्टीच्या खुणेवरून माप घेऊन दोन मिलिमीटर जाडीची नवी पट्टी चिकटवली. वीस वेळा शटर दाबले, वीसही वेळा आरसा खाली आला.

१८ जून

सकाळी पुन्हा आरसा वर. नवा फोम कोरडा आणि आरसा त्याला चिकटलेलाही नाही. जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते आज केले: मागचे झाकण उघडले आणि पुढून टॉर्च मारला. फ्रेमच्या एका कडेला प्रकाशाची जेमतेम दोन मिलिमीटरची फट दिसली. शटरच्या दोन पडद्यांपैकी दुसरा शेवटपर्यंत पोहोचलाच नव्हता.

इथे यंत्रणा ध्यानात घेतली पाहिजे. बटण दाबल्यावर आरसा वर जातो, पहिला कापडी पडदा सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा त्याच्या मागोमाग येऊन ती झाकतो, आणि हा दुसरा पडदा आपल्या प्रवासाच्या अगदी अखेरीस जी कळ दाबतो तिच्यामुळे आरसा सुटून खाली येतो. म्हणजे पडदा दोन मिलिमीटर कमी पडला तरी आरसा वरच राहणार, आणि आपण बिचाऱ्या आरशालाच दोष देत बसणार. पडद्याला सुती काडीने अलगद पुढे सरकवताच आरसा आपोआप पडला.

कॅमेरा टेबललॅम्पखाली अर्धा तास ठेवला, तेव्हा तो पुन्हा सुरळीत चालू लागला. उबेने सुटणारे आणि पहाटेच्या गारव्यात अडणारे यंत्र म्हणजे आत काहीतरी घट्ट झालेले आहे. मामांना फोन केला, तर ते सहजपणे म्हणाले, “अरे, एकदा अडकला होता, तेव्हा मीच खालून शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले होते. मस्त चालला की मग दोन वर्षं!” वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार?

२२ जून

तळपट्टी उघडली. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसाने सोलवटतात. त्यांचे खाचे जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात आणि त्या मापाचा पेचकस घेणे हा वायफळ खर्च नव्हे. आत तपकिरी, मधासारखा चिकट थर होता आणि त्यात कापडाचे तंतूही अडकले होते. हा थर बारीक ब्रशाने, अगदी थोडे लायटरचे इंधन घेऊन, प्रत्येक वेळी टिपकागदाने शोषून घेत काढला. खिडकी उघडी होती आणि गॅस बंद होता, हे सांगायला हवे. इंधन ओतून ‘धुण्याचा’ मार्ग मला मान्य नाही, कारण त्याने सुटलेला चिकटा पडद्यांच्या रुळांपर्यंत वाहत जातो.

पडद्यांचा ताण वाढवण्याची जागा तळातच आहे आणि तिथे हात शिवशिवतो. तरीही मी ती हलवली नाही. घर्षण तसेच ठेवून ताण वाढवणे म्हणजे ब्रेक दाबून ठेवत ॲक्सिलरेटर देण्यासारखे आहे.

२९ जून

आठवडाभर रोज सकाळी, पहिल्या चहाआधी, दहा वेळा शटर दाबले. आरसा एकदाही अडला नाही. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारे स्लो मोशन लावून वेगही तपासले. १/३० सेकंदाला पडदा ८ चौकटी उघडा दिसायला हवा, तो ८ च दिसला. १/८ ला ३० च्या जागी ३३ आल्या, म्हणजे किंचित मंद, पण निगेटिव्ह फिल्मवर तेवढे खपून जाते. १/१००० साठी ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण फिल्मच्या कोणत्याही भागावर प्रकाश एका चौकटीपेक्षाही कमी वेळ पडतो.

म्हणून आयएसओ ४०० चा कृष्णधवल रोल घालून समुद्रकिनाऱ्यावर ३६ फोटो काढले. १/५०० पर्यंतचे स्वच्छ आले. १/१००० चे चारही फोटो एका कडेला काळवंडले आहेत: पहिला पडदा अजून रेंगाळतो आणि दुसरा त्याला गाठतो, त्यामुळे प्रकाश ज्यातून फिल्मवर पडतो ती दोघांमधली फट पुढे अरुंद होत जाते. वरच्या बाजूचे रूळ साफ करण्यासाठी वरचे आवरण उघडावे लागेल आणि त्यात लाइट मीटरच्या नाजूक तारा आहेत. तोपर्यंत उन्हात कमी संवेदनशील, आयएसओ १०० चा रोल, १/१२५ सेकंद आणि लेन्सचे अरुंद छिद्र, एफ १६.