रममधली साखर मोजतोय: पुढची नोंद

गेल्या नोंदीत नुसतं चाखण्याबद्दल लिहिलं होतं. या खेपेला जिभेला सुट्टी दिली आणि अल्कोहोलमीटर हातात घेतला, म्हणजे द्रवात तरंगून त्यातल्या अल्कोहोलची टक्केवारी दाखवणारी खुणांची काचेची नळी.

रम उसाची, म्हणून गोड, असं आपल्याकडे सर्रास मानतात. पण मळी असो की ताजा रस, आंबवताना बहुतेक साखर यीस्ट फस्त करतं आणि उरलीसुरली भट्टीच्या तळाशी राहते, कारण साखर वाफेबरोबर वर चढत नाही. पिपातल्या लाकडामुळे व्हॅनिलासारखा वास येतो, पण त्यातून येणारी साखर नगण्य. तेव्हा बाटलीत भरपूर साखर निघाली, तर ती मागाहून घातलेलीच समजायची. जमैका रमच्या भौगोलिक मानांकनात याला मनाई आहे. युरोपीय संघाने २०१९च्या नियमात लिटरला २० ग्रॅमची मर्यादा घातली.

मोजायचं तंत्र सोपं आहे. साखर मिसळली की द्रव जड होतो, मीटर कमी बुडतो आणि अल्कोहोल खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. लेबल आणि मीटर यांच्यातला १ टक्क्याचा फरक म्हणजे लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर.

खरी डोकेदुखी तापमानाची. मीटरवरच्या खुणा २० अंशांसाठी असतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीच ३२ अंशांवर. तेवढ्यात आकडा चारेक टक्क्यांनी फुगतो आणि सगळी साखर त्यात लपून जाते. मी नळकांडं बर्फाच्या पाण्यात उभं करतो, थर्मामीटर बुडवून ठेवतो आणि बरोबर २० वर आलं की आकडा घेतो. मीटर काचेला चिकटू द्यायचा नाही, बोटांनी हलकेच फिरवून सोडायचा.

जमैकाची ४० टक्क्यांची: मीटरवर ३९.५. पिपातून उतरलेल्या घन अंशामुळे एवढं चालतंच. मार्टिनिकची उसाच्या रसाची पांढरी, ५०ची: बरोबर ५०. आणि ती काळीभोर, सगळ्यांना 'स्मूद' वाटणारी ४०ची (नाव नको): ३५! म्हणजे लिटरला २० ग्रॅमच्या आसपास.

खातरजमा म्हणून तिन्हींचा एकेक चमचा वाट्यांमध्ये ओतून रात्रभर उघडा ठेवला. पांढरीची वाटी धुतल्यासारखी कोरडी. जमैकाच्या वाटीत फिकट तपकिरी कडं, बोटाला जेमतेम लागणारं. काळीच्या वाटीत चकचकीत चिकट थर, आणि सकाळी मुंग्यांची रांग. मुंग्यांनी बाकी दोन वाट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रंगाचं मात्र यातून काहीच कळत नाही. कॅरॅमल चिमूटभर घातलं तरी रम काळी होते, पण मीटर जागचा हलत नाही.

आपल्या भारतीय रमच्या ४२.८ टक्केवाल्या बाटल्या अजून मोजून व्हायच्यात. तो विचित्र आकडा अल्कोहोलच्या जुन्या ब्रिटिश मापातल्या ७५ प्रूफचा. माझ्या मीटरवर १-१ टक्क्याच्याच खुणा, त्यामुळे भिंग घेऊन बसावं लागणार. त्यानंतर अमृत कंपनीची टू इंडीज रम, कारण तिच्यात गुळापासूनचं स्पिरिट आहे. कुणी मोजली असेल तर आकडा कळवा, तापमानासकट.