पाचांपैकी चार स्पीकर गप्प

कोथरूडच्या एका घरातून फोन आला. पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच, त्यातला टीव्हीखालचा मधला स्पीकर तेवढा वाजतोय, बाकीचे चार एका रात्रीत गेले. आधी कुणी तरी येऊन पाहून गेलं होतं आणि रिसीव्हरचं, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राचं, झाकणही न काढता ‘अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड उडालाय’ म्हणून अठरा हजारांचा अंदाज देऊन गेलं होतं. मला ते फोनवरच पटलं नाही. रिसीव्हरमधला एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर यंत्र प्रोटेक्शनमध्ये जातं, समोरचा दिवा लुकलुकतो आणि सगळंच बंद पडतं. चार चॅनेल एका दमात जायचे आणि पाचवा ठणठणीत राहायचा, हे सहसा होत नाही.

घरात ७८ वर्षांचे काका होते. नाट्यसंगीताचे दर्दी. “कालपर्यंत पाचही बाजूंनी गाणं यायचं हो,” ते म्हणाले, “आता नुसतं मधून येतं. मागचे दोघं गात नाहीत, नुसते खरखरतात.” या शेवटच्या वाक्यात निम्मं निदान होतं. मागचे खरखरतायत म्हणजे त्यांच्यापर्यंत वीज पोचतेय, तार शाबूत आहे, बोर्डही शाबूत आहे.

तरी खात्री करून घेतली. रिसीव्हरच्या सेटअप मेनूत स्पीकर, मग लेव्हल, मग टेस्ट टोन. हा ‘श्श्श’ असा आवाज एकेका स्पीकरमधून पाळीपाळीनं फिरतो. पाचही स्पीकरमधून तो सारख्या जोरानं आला. मग काकांना त्यांचं नेहमीचं गाणं लावायला सांगितलं. त्यांनी पेन ड्राइव्हवरचं बालगंधर्वांचं पद लावलं आणि मी रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या : येणारा सिग्नल पीसीएम (म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल आवाज), २ चॅनेल, साउंड मोड डॉल्बी सराउंड.

दोन चॅनेलचा आवाज पाच-सात स्पीकरांवर पसरवणाऱ्या मोडला अपमिक्सर म्हणतात. डॉल्बी या ध्वनितंत्राच्या कंपनीच्या अपमिक्सरचं तत्त्व सिनेमागृहातून आलं आहे. १९७०च्या दशकात फिल्मच्या कडेच्या दोन ट्रॅकमध्ये चार चॅनेल गुंफायची पद्धत आली. १९८७ साली प्रो लॉजिक नावानं तिचं सुधारलेलं रूप घरी आलं, २०००च्या सुमारास प्रो लॉजिक टू आलं, आणि आजच्या रिसीव्हरमधला डॉल्बी सराउंड हा त्याच घराण्यातला. नियम थोडक्यात असा : डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये जे तंतोतंत सारखं असेल ते मधल्या स्पीकरला, आणि जे एकमेकांच्या उलट असेल ते मागे. सिनेमात संवाद दोन्हीकडे सारखे असतात, म्हणून ते पडद्यापाशी राहतात. पाऊस, गर्दी, रस्त्याचा गोंगाट दोन्हीकडे वेगवेगळा असतो, तो खोलीभर पसरतो.

आता यात ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं घाला. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ साली; त्याआधीचं सगळं एकाच चॅनेलचं. फाइलमध्ये डावं-उजवं दोन्ही एकच. मग अपमिक्सर सगळं गाणं मधल्या स्पीकरला देतो आणि बाकीच्यांना द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. तो आपलं काम चोख करत होता.

आणि खरखर मागे का? जुन्या तबकडीतलं गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. धूळ, झीज, ओरखडे मात्र सुईला वर-खालीही हलवतात. तबकडी स्टिरिओ पिकअपनं उतरवली की ही वर-खाली हालचाल डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये उलट्या दिशेनं नोंदवली जाते. उलट ते मागे, या नियमानं बालगंधर्व टीव्हीखाली आणि तबकडीची झीज सोफ्याच्या पाठीमागे! काकांना सोफ्यावरून उठवून मागच्या स्पीकरला कान लावायला सांगितलं. गाण्याचा मागमूस नाही, नुसती चरचर. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मोड बदलला कसा, तेही लगेच उलगडलं. रिसीव्हर प्रत्येक इनपुटसाठी शेवटचा मोड वेगळा लक्षात ठेवतो. यूएसबीवर आधी ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ होता, म्हणून पाचही स्पीकर गात होते. नातवानं रिमोटवरचं मूव्हीचं बटण दाबलं आणि तो मोड यूएसबीला चिकटला.

“मग पूर्वीचंच लावून द्या की,” काका म्हणाले. ते करायला सेकंद लागतो, पण ऑल चॅनेल स्टिरिओ एका जागी बसून ऐकायला चांगला नाही. एकच आवाज पाच ठिकाणांहून येतो, पाचही अंतरं वेगळी, त्यामुळे काही कंप्रता एकमेकींना मारतात. डोकं वीतभर हललं तरी गळ्याचा पोत बदलतो. हळदीकुंकवाला घरभर गाणं हवं असेल तेव्हा तो जरूर लावा. मोनो ऐकायला खरं तर एकच स्पीकर सर्वांत प्रामाणिक, फक्त मधला स्पीकर बहुतेक घरांत लहानखुरा आणि कप्प्यात कोंबलेला असतो. इथे पुढचे दोन स्पीकर त्याहून बरेच चांगले होते. म्हणून साधा ‘स्टिरिओ’ मोड लावला आणि काकांची खुर्ची दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर सरकवली. ज्यांना अपमिक्सर सोडायचा नसेल त्यांनी त्यातला सेंटर स्प्रेड हा पर्याय चालू करून पाहावा; मधलं गाणं पुढच्या तिन्ही स्पीकरवर पसरतं.

खरखर कमी करायला वेगळा उपाय केला. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडायची, ट्रॅक्स, मिक्स, ‘मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो’. दोन्ही चॅनेल एकत्र झाले की उलटी खरखर एकमेकीला खोडते आणि गाणं जसंच्या तसं राहतं. सगळी जात नाही, पण कान सुखावतो. मूळ फाइल मात्र पुसू नये.

मग काकांनी विचारलं, “तो कॉन्सर्ट हॉल नावाचा मोड असतो, तो मैफलीला चांगला ना?” बहुतेकांचा हाच समज असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यामाहानं १९८६ साली डीएसपी-१ हे यंत्र काढलं. खऱ्या सभागृहांत माइक लावून भिंती-छतावरून परतणाऱ्या आवाजाची मोजणी करायची आणि तेच परावर्तन घरच्या जादा स्पीकरमधून उभं करायचं, अशी ती कल्पना. काम कसलं अस्सल होतं! पण त्याला अट आहे : ऐकण्याची खोली शांत आणि मऊ हवी. गालिचा, जाड पडदे, पुस्तकांची कपाटं.

आपल्याकडचा हॉल कसा असतो? इथला १६ बाय १२ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, समोर उघडी भिंत. टाळी वाजवली की काच आणि भिंत यांच्यात ‘टर्रर्र’ असा आवाज फिरतो. मापन माइकनं पाहिलं तर मधल्या सप्तकात आवाज विझायला ०.८ सेकंद लागत होते. द्रुत तानेत सेकंदाला आठ सूर धरले तर एक सूर पुरता विझेपर्यंत पुढचे सहा येऊन गेलेले असतात. व्हिएन्नाच्या मुझिकफेराइन सभागृहाचा विझण्याचा काळ सुमारे २ सेकंद, आणि तिथे वाजणारं संगीत त्या गुंजेला धरूनच लिहिलेलं. ती गुंज आपल्या टाइलवाल्या खोलीवर चढवली की तान म्हणजे चिखल होतो. काकांना दोन मिनिटं ऐकवलं. “शब्द कुठे गेले?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

तरीही आवडत असेल तर मोड आहे तसा वापरू नका. यामाहात डीएसपी लेव्हल, म्हणजे या परिणामाची मात्रा, असते, ती उणे ६ डेसिबलपर्यंत खाली येते. डेननच्या जॅझ क्लब, रॉक अरेनात इफेक्ट लेव्हल १० वर असते, ती ३-४ वर आणा आणि रूम साइझ स्मॉल करा. त्याआधी काचेवर जाड पडदा आणि स्पीकरसमोर सतरंजी. इतकं केल्यावर मोडची गरज उरलेली नाही, असंच पुष्कळांना आढळतं.

संध्याकाळी काकांचे चिरंजीव आले, त्यांची तक्रार वेगळी. ओटीटीवर सिनेमात संवाद ऐकू येत नाहीत, आवाज वाढवावा तर स्फोटानं शेजारी उठतात. मोडवर मोड बदलून थकले होते. इथेही आधी इन्फो दाबलं : पीसीएम, २ चॅनेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल साउंड आउटपुट ‘पीसीएम’ वर होतं, त्यामुळे टीव्ही स्वतःच ५.१चं (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी केलेलं) मिश्रण दोनमध्ये दाबून एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीच्या, केबलनं पाठवत होता. ते ‘ऑटो’ केलं (काही टीव्हींत त्याला पास-थ्रू किंवा बिटस्ट्रीम म्हणतात), रिसीव्हरवर डॉल्बी डिजिटल प्लस उमटलं आणि संवाद मधल्या स्पीकरमध्ये येऊन बसले. मूळ ध्वनीच ५.१ असेल तर त्यावर कुठलाही जादा मोड नको. यामाहावर ‘स्ट्रेट’, इतरांवर नुसतं डॉल्बी किंवा डीटीएस असं नाव दिसेल तो ठेवायचा. मधल्या स्पीकरची लेव्हल मात्र २ डेसिबल वाढवली.

स्फोटांवर उपाय म्हणजे रात्रीचा मोड. कुठे डायनॅमिक व्हॉल्यूम, कुठे नाइट, कुठे डायनॅमिक रेंज कंट्रोल. भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये सगळ्या मोडांत खरा उपयोगी हाच. सिनेमाचं मिश्रण असं असतं, की रेफरन्सला, म्हणजे सिनेमागृहासाठी ठरलेल्या आवाजाच्या पातळीला, एकेका चॅनेलचं शिखर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतं, सबवूफरच्या वेगळ्या ट्रॅकचं ११५. रात्री अकरा वाजता ते कुणालाच नको. ‘लाइट’ पायरीवर ठेवलं की कुजबुज वर येते, स्फोट खाली बसतो. ‘हेवी’ नको, पार्श्वसंगीत फुगतं-आकसतं ते जाणवायला लागतं. ऑडिसी ही खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी प्रणाली असलेल्या रिसीव्हरमध्ये, हळू आवाजातही खर्ज भरून काढणाऱ्या डायनॅमिक ईक्यूचा रेफरन्स ऑफसेट सिनेमाला ०, टीव्हीवरच्या मालिकांना १० किंवा १५ ठेवावा; नाही तर साध्या बातम्यांतही सबवूफर घुमतो.

क्रिकेटला स्टेडियम मोड लावू नये, समालोचक विहिरीतून बोलतो. स्टिरिओ प्रक्षेपणाला डॉल्बी सराउंडच उत्तम : समालोचन मध्ये, प्रेक्षक भोवती. प्युअर डायरेक्ट या मोडचं नाव शुद्ध असलं तरी त्यात खोलीनुसार केलेली आवाजाची दुरुस्ती बंद होते आणि अनेक मॉडेलांत सबवूफरही. ५ इंची वूफरच्या स्पीकरवर डग्ग्याची घुमक तिथेच संपते. मोठे टॉवर स्पीकर असतील तरच वापरून पाहावा.

निघताना तीन झटपट बटणं बांधून दिली. डेननवर त्यांना क्विक सिलेक्ट म्हणतात, मरँट्झवर स्मार्ट सिलेक्ट, यामाहावर सीन. इनपुट आणि मोड हवा तसा लावायचा आणि बटण काही सेकंद दाबून धरायचं, की ते साठवलं जातं. पहिलं काकांचं : यूएसबी, स्टिरिओ. दुसरं सिनेमाचं : टीव्ही, आहे तसा ५.१, रात्रीचा मोड लाइट. तिसरं क्रिकेटचं. नातवाच्या गेमला वेगळं काही लागत नाही, कन्सोलचं आउटपुट ५.१ लिनियर पीसीएम ठेवलं की झालं. टीव्हीचं सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर कधी कधी ध्वनीची सेटिंग पुन्हा पीसीएमवर जाते. त्यामुळे संवाद अचानक दबले तर मोड चाळत बसू नका. इन्फो दाबा, २ चॅनेल दिसले तर टीव्हीच्या मेनूत जा.